दुसऱ्याच्या हातचा कापूस

मंगळवारी दुपारी जेवताना बायको पाण्याचा जग उचलायला पुढे वाकली, तिची बाही वर सरकली, आणि डाव्या कोपराच्या खळगीत एकटोच्यांना कापूस दिसला. हरभऱ्याएवढा बोळा, त्यावर कागदी चिकटपट्टीची फुली.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने विचारलं असतं, काय गं, काय लागलं? एकटोच्यांनी विचारलं नाही. गेली बावीस वर्षं ते लोकांचं रक्त काढून पोट भरत होते. कापूस बघितला की कुणाच्या हातचा ते त्यांना कळे. त्यांच्या स्वतःच्या लॅबमध्ये गोल पट्टी लावत. कागदी फुली रस्त्यापलीकडच्या लॅबची. शिवाय शीर बाहेरच्या अंगाची, अंगठ्याकडची घेतली होती. ती सहज सापडणारी नव्हे. कुणीतरी निवांत बसून, बोटाने चाचपून, पसंत करून ती निवडली होती.

बायकोने दुसऱ्याकडून रक्त काढून घेतलं होतं.

त्यांनी घास ताटात परत ठेवला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"बरोबर आहे," बायको म्हणाली आणि बाही खाली ओढली.

एकटोचे हे त्यांचं आडनाव नव्हे. लॅबमध्ये कुणीतरी त्यांना ते दिलं, कारण ते एका टोचण्यात रक्त काढत. दंडाला पट्टा बांधायचा, "मूठ आवळा" म्हणायचं, कोपराच्या मधोमध सुई घालायची, "सोडा" म्हणायचं, की जांभळ्या टोपीची नळी भरून तयार. लठ्ठ माणसं, म्हाताऱ्या बाया, सकाळपासून पाण्याचा घोटही न घेतलेले सुकलेले लोक, सगळ्यांची मधलीच शीर, आणि एकदाच. हे नाव इतकं रुळलं की पेशंटही "एकटोचेसाहेब आहेत का?" म्हणून विचारत आणि मनातल्या मनात त्यांचं मूळ गाव कुठलं असेल याचा अंदाज बांधत. खऱ्या आडनावाने हाक मारली तर एकटोचे पटकन वळूनही बघत नसत.

एवढं कसब असून माणूस लोकप्रिय मात्र नव्हता. लहान मुलं त्यांचा पांढरा ॲप्रन बघून भोकाड पसरत. मोठी माणसं तोंड फिरवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मेहुणा तर त्यांना दारात बघितलं की आत ओरडे, "अगं, भावजी आलेत, मच्छरदाणी लाव!" बावीस वर्षांत या विनोदाची धार गेली होती, पण मेहुणा तो सोडत नव्हता.

हे सगळं एकटोच्यांनी गोड मानून घेतलं होतं. रक्त काढणाऱ्यावर कोण जीव टाकणार, अशी त्यांची समजूत होती. तिला तडा गेला तो चार महिन्यांपूर्वी, घरात तो आला तेव्हा.

तो म्हणजे चारशे वर्षं वयाचा, चंदेरी केसांचा, टाचेपर्यंत काळा कोट घालणारा एक व्हॅम्पायर. कोटाचं अस्तर लाल. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिने आईच्या मोबाइलवर त्याची मालिका सुरू करून दिली होती. "आई, तू पण बघ, म्हणजे रविवारी आपल्याला बोलायला काहीतरी राहील." एकटोचे तिला कार्टून म्हणाले. "बाबा, ॲनिमे म्हणतात," मुलीने सांगितलं. एकटोचे त्यानंतरही कार्टूनच म्हणत राहिले, फक्त आता मुद्दाम.

बायको दुपारी दोनपर्यंत एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरला असे. घरी येऊन जेवण झालं की मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवायची आणि बघायला बसायची. सुरुवातीला तिचं बघणंही धंद्याच्या अंगाने होतं.

"केवढी मारामारी केली, आणि कोट बघा," ती म्हणायची. "उडी मारून खाली आला तरी कोट मागाहून, सावकाश उतरतो. वजनदार कापड आहे. लोकरीत थोडं रेशीम असणार."

"काढलेलं चित्र आहे ते."

"आणि कॉलर! नुकतं रक्त पिऊन उठलाय, पण पांढऱ्या कॉलरवर एक थेंब नाही."

एकटोच्यांच्या ॲप्रनच्या बाहीवर मात्र रोज दोन-तीन ठिपके असत आणि बावीस वर्षं ते ठिपके हीच बाई थंड पाण्यात चोळून काढत होती. गरम पाणी लावलं की रक्त कापडात कायमचं बसतं, हे तिनेच त्यांना शिकवलं होतं. चारशे वर्षांत ज्याने एक थेंब सांडला नाही त्याच्याशी स्पर्धा कशी करायची?

पण खरी बोच एका शब्दाची होती. बायको नवऱ्याचा उल्लेख नेहमी 'हे' असा करी. ह्यांना चहा लागतो, ह्यांची गाडी बिघडली, ह्यांना नका सांगू. त्यात आदर होता, आणि आदरात असतं तेवढं अंतरही होतं. घरात आता हे होते आणि तो होता. "तो आज खूप लागून घेऊन आला." "तो तिला सोडून गेला गं, काय करणार?" हे ती फोनवर मुलीशी बोले, आणि एकटोचे शेजारच्या खोलीत पेपर उलटा धरून ऐकत. माणूस देवाला 'तो' म्हणतो, स्वतःच्या लेकराला म्हणतो, आणि तिसऱ्या कुणाला म्हणतो ते एकटोच्यांना ठाऊक होतं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, ते कधी 'तो' झाले नव्हते.

मग त्यांनी चुका काढायला म्हणून बघायला सुरुवात केली. समव्यवसायी म्हणून त्यांना तो हक्क होता.

"तिथे शीर नसते," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "ती धमनी आहे. तिथे दात लावला तर पिणं राहिलं बाजूला, समोरची भिंत रंगेल."

"बघू द्या."

"स्पिरिट लावलं नाही."

"अहो, बघू द्या ना."

"आणि एवढं चिंध्या होईतो मारामारी करून आल्यावर हात तरी धुवावेत माणसाने."

"हातमोजे आहेत त्याच्या हातात. दाताने काढतो तो हातमोजे. आता काढेल, बघा." त्याने काढले. बायकोने मान किंचित तिरपी केली. गाण्यात कुणी चांगला सूर लावला की ती अशी मान करी. "आणि तुम्हाला एक दिसत नाही. तो आधी विचारतो. परवानगी आहे का, म्हणतो."

"विचारतो आणि पितोच की."

"मागच्या भागात ती नको म्हणाली. गेला निघून. उपाशी."

"माझ्याकडे तर सगळेच उपाशी येतात," एकटोचे म्हणाले. बायको हसली नाही. पडद्यावर तो छपरांवरून चालला होता आणि कोट त्याच्यामागून एका क्षणाने चालला होता.

हे इथवर ठीक होतं. पण एकटोचे पुढचे भाग लॅबमध्ये, सकाळची गर्दी ओसरली की, फ्रिजच्या आडोशाला बसून एकटेच बघू लागले. आधी चुकांची यादी वाढवायला. मग यादी राहून गेली. तो गावाला वाचवतो आणि गावाने दारं लावून घेतली तरी चेष्टा करून वेळ मारून नेत नाही, नुसता उभा राहतो, हे त्यांना फार लागलं. ॲप्रनची बटणं ते विसरू लागले. व्हरांड्यातून जरा झपाट्याने चाललं की ॲप्रन मागे थोडा उडे. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, बटणं तुटली असली तर द्या, लावून देते."

आणि अशात मंगळवारी तो कापूस.

त्यांना शंका नव्हती की पलीकडच्या लॅबमध्ये कुणीतरी नवीन आला आहे. चित्र डोळ्यांसमोर पुरतं तयार होतं. उंच असणार. बोटं लांब. केस कपाळावर. संथपणे पट्टा बांधत असणार आणि खालच्या आवाजात विचारत असणार. बायको तोंड फिरवत नसणार.

त्यांनी मुलीला फोन केला. "तुझी आई दुसऱ्या लॅबमध्ये जाते."

"मग?"

"मग काय मग? घरात एकटोचे असताना?"

"बाबा, तुम्ही असं सांगताय की जसं काही..."

"जसं काही काय?"

"काही नाही. आईला चक्कर येतेय महिनाभर. हिमोग्लोबिन बघायला सांगितलं होतं डॉक्टरांनी. तुम्हाला नाही बोलली?"

महिनाभर चक्कर! एकटोच्यांना आधी काळजी वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण दुसऱ्या नंबरवर. आधी वाटलं ते हे, की परक्या माणसाला ठाऊक आणि आपल्याला नाही.

बुधवारी ते रस्ता ओलांडून गेले. निमित्त म्हणून एक सॅम्पलची रिकामी पेटी हातात घेतली. काचेच्या दारातून आत बघितलं, तर रक्त काढायच्या खुर्चीजवळ एक बुटक्या, गोल, साठीला आलेल्या बाई. चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. समोरच्या आजोबांना त्या विचारत होत्या, "कुठल्या हाताचं काढू आजोबा? डाव्या? बरं, डाव्या. घाई नाही." आजोबा त्यांना नातवाचं काहीतरी सांगत होते. त्या ऐकत होत्या आणि बोटाने चाचपत होत्या. एका पेशंटला त्यांना सात मिनिटं लागली. एकटोचे तेवढ्यात चार जण उरकत.

उंच, लांब बोटांचा कुणी असता तर परवडलं असतं. त्याचा निदान राग करता आला असता. आता ते पेटी घेऊन परत आले, आणि मत्सर तसाच होता. फक्त कुणाचा करायचा ते कळेना.

गुरुवारी रिपोर्ट आला. बायकोने तो सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवला. लपवायचं तिच्या मनात नव्हतंच असं दिसलं. हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या होत्या, शनिवारी सकाळी उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यायचं होतं.

"मी काढतो," एकटोचे म्हणाले.

"नको."

"अगं, बावीस वर्षं..."

"माहितीये किती वर्षं. चार वर्षांपूर्वी इथेच काढलं होतंत, याच खुर्चीवर. आठवतं?"

त्यांना आठवत होतं. तेव्हा तीनदा टोचावं लागलं होतं. मधली शीर लागली नाही म्हणून पुन्हा मधली, आणि पुन्हा मधली. तिच्या दोन्ही कोपरांना आठवडाभर काळंनिळं होतं.

"तीनदा टोचलंत त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण बायकोला 'मूठ आवळा' म्हणालात. आवळा! लग्नाच्या बायकोला. पुढच्या पेशंटला बोलवाल असं वाटलं मला. आणि मग माझ्या भावाकडे, सगळ्यांसमोर काय सांगितलंत?"

एकटोच्यांना तेही आठवत होतं. मेहुण्याने विचारलं होतं, काय भावजी, कधी चुकत नाही का? आणि आपलं नाव राखायला ते म्हणाले होते, एकदाच चुकलो, पण तो दोष हिचा. हिच्या शिरा पळपुट्या आहेत. सगळे खो खो हसले होते. मेहुण्याची बायको म्हणाली होती, मग आजपासून तीनटोचे. बायकोही हसली होती, असं त्यांना चार वर्षं वाटत होतं.

"पळपुट्या," बायको म्हणाली. "त्यांना काय गरज पळायची? त्यांच्याकडे कुणी नीट बघितलं तरी का?"

शुक्रवारचा दिवस एकटोच्यांनी विचार करण्यात घालवला. संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ते ॲप्रन न घालता, हात धुऊन, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आवाज जरा खाली आणला.

"उद्या मी तुझं रक्त काढायला... परवानगी आहे का?"

बायकोने वर बघितलं. मग तिला हसू फुटलं, इतकं की हातातली घडी मोडली. "अहो, त्याची नक्कल नका करू! तुम्हाला नाही शोभत ते. गुडघे दुखतायत का विचारल्यासारखं वाटलं."

"मी मनापासून विचारतोय."

हसू थांबलं. तिने घडी पुन्हा घातली. "मनापासून विचारलंत तर मनापासून सांगते. नाही."

एकटोच्यांना वाटलं होतं, विचारण्यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. विचारलं की झालं. नाही म्हटल्यावर काय करायचं याची त्यांची तयारी नव्हती. तो छपरांवरून निघून जाई. त्यांना सकाळचं दूध आणायचं होतं. ते पिशवी घेऊन जिना उतरले आणि अर्ध्या जिन्यात लक्षात आलं, की सकाळ अजून व्हायची आहे. तरी परत वर गेले नाहीत. चौकात उभं राहून त्यांनी लॅबला फोन केला आणि शनिवारची सकाळची रजा टाकली. बावीस वर्षांत शनिवारी, गर्दीच्या दिवशी, पहिल्यांदा.

"तुम्ही कशाला येताय?" सकाळी बायकोने विचारलं.

"चक्कर आली तर."

"आणि त्या बाईंना काही बोललात तर?"

"नाही बोलणार."

पलीकडच्या लॅबमध्ये पेशंटशेजारी नातेवाइकासाठी एक बाक होता. एकटोचे त्यावर बसले. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, त्यांच्याकडे बघितलं. "अगं बाई, तुम्ही समोरचे ना? एकटोचे? या ताई तुमच्या?"

"हो."

"बोलल्या नाहीत हो कधी," बाई म्हणाल्या आणि बायकोकडे वळल्या. "आज कुठल्या हाताचं काढू ताई?"

मंगळवारचा हात दुखत होता, म्हणून बायकोने उजवा पुढे केला. बाईंनी पट्टा बांधला, चाचपलं, पुन्हा चाचपलं, सुई घातली. नळीत काही आलं नाही. सुई जराशी वळवून बघितली. तरी काही नाही.

एकटोच्यांच्या मनात त्या क्षणी जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण झालं ते असं की त्यांना आनंद झाला. निखळ, उकळ्या फुटणारा आनंद. मग त्यांनी मान वर केली आणि बायकोचा चेहरा बघितला. तिने डोळे घट्ट मिटले होते, खालचा ओठ दाताखाली धरला होता, आणि तोंड फिरवलं होतं ते त्यांच्याच दिशेला. रक्त काढणारा खळगीकडे बघत असतो. बावीस वर्षांत हजारो माणसांनी त्यांच्यासमोर असा चेहरा केला असणार, आणि त्यांनी एकही बघितला नव्हता. चार वर्षांपूर्वी तीन वेळा केला होता तोही नाही.

बाईंनी सुई काढली, कापूस दाबला. "सॉरी हं ताई. आज सापडत नाहीये." मग व्यवसायातल्या माणसाला मोकळेपणाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुम्ही काढता का साहेब?"

सुई नवी होती. ट्रे जवळ होता. बायकोने डोळे उघडले नाहीत, पण तिचा खांदा वर आला आणि तसाच राहिला.

"नाही," एकटोचे म्हणाले. "तुम्हीच काढा. हाताच्या पाठीवर बघा. मनगटाच्या जरा पुढे, करंगळीच्या बाजूने. तिथे आहे एक. बारीक सुई घ्या."

बाईंनी हात उलटा केला. "आहे की! तुम्हाला हो कसं माहीत?"

"दिसते. कपडे वाळत घालताना."

बायकोने एक डोळा उघडला. "मग तेव्हा का नाही तिथून काढलंत?"

याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि ते मोठं लाजिरवाणं होतं. हाताच्या पाठीवरून काढणं म्हणजे मधली सापडली नाही याची कबुली. ते नवशिक्यांचं काम. एकटोचे तिथे जात नसत.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"तीनदा," बायको म्हणाली आणि डोळा मिटला. पण खांदा खाली आला.

बारीक सुईतून रक्त हळूहळू उतरलं. एकटोचे बघत राहिले. गडद नव्हतं, दाटही नव्हतं, पण सुरेख रंगाचं. ते दुसऱ्याच्या नळीत चाललं होतं, दुसऱ्याच्या हाताने, आणि आतून जळणं काही थांबलं नव्हतं. फक्त ते बसल्या जागी सोसता येत होतं. जांभळ्या टोपीची नळी भरली, बाईंनी ती सवयीने बाजूला धरली आणि दुसरी लावली. एकटोच्यांनी सवयीनेच हात पुढे केला आणि भरलेली घेतली. रक्त गोठू नये म्हणून ती नळी लगेच हलकेच खालीवर करायची असते, आठ वेळा. ते करू लागले. नळी गरम होती. ताजी नळी गरम असते हे काही नवीन नव्हतं. पण गेल्या कित्येक वर्षांत ते त्यांना जाणवलं नव्हतं.

"साहेब," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "द्या आता ती. नाव लिहायचंय."

त्यांनी दिली.

बाहेर आल्यावर बायको पायरीवर जरा थांबली. एकटोच्यांनी दंडाला धरलं, कोपराच्या वर, कापसाला धक्का लागणार नाही असं.

"ती नळी किती वेळा हलवायची असते?" तिने विचारलं.

"आठ."

"तेवीस वेळा हलवलीत. मी मोजत होते."

"डोळे मिटलेले होते तुझे."

"एक उघडा होता," बायको म्हणाली. "चला, भूक लागलीये मला."